सरावाची लढत आणि वेदनेचें माप

ज्या घरांतील मूल सायंकाळीं ज्यूदो, कराटे अगर मुष्टियुद्धाच्या वर्गास जातें, त्या घरांत एक प्रसंग केव्हां ना केव्हां घडतोच. मूल परत येतें तें ओठ सुजवून, नाहींतर नडगीवर काळानिळा डाग घेऊन. आई म्हणते, उद्यांपासून जाणें बंद. वडील म्हणतात, एवढ्यातेवढ्यानें कांहीं होत नाहीं. घरांत आजोबा असले आणि त्यांनीं तरुणपणीं तालमीची माती अंगाला लावलेली असली, तर ते आपला मोडलेला कान दाखवितात आणि वाद तेथेंच संपतो. वस्तुतः तो तेथें संपावयास नको. किती लागलें म्हणजे शिक्षण चाललें आहे असें समजावें, आणि किती लागलें म्हणजे शिक्षण थांबून नुसती नासधूस सुरू झाली असें म्हणावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. मोठमोठ्या गुरूंनीं त्यावर आपलें आयुष्य वेंचलें आहे. आणि त्यांच्या यशाचा व अपयशाचा इतिहास जितका जपानांत स्पष्ट पाहावयास मिळतो, तितका क्वचितच दुसरीकडे मिळेल.

अडचण मुळांतच आहे. गवयाला गाऊन गाणें शिकतां येतें, सुताराला लाकूड कापून सुतारकाम शिकतां येतें. तलवारबाजाला मात्र माणूस कापून तलवार शिकतां येत नाहीं. ज्याच्यावर शिकावयाचें तो आपलाच सोबती असतो, आणि उद्यां सकाळीं तो हातपाय शाबूत घेऊन पुन्हां समोर उभा राहावा लागतो. त्याला खराखुरा मार द्यावा तर सोबती निकामी होतो. हात आखडता घ्यावा तर अंगाला खोटी सवय लागते, आणि ती खऱ्या वेळीं घात करते. आपल्याकडील कुस्तीनें या पेचांतून फार सुंदर वाट काढली. ठोसा आणि लाथ वर्ज्य केली, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावणें एवढेंच साध्य ठेवलें. म्हणजे जिंकणें हें इजेवर अवलंबून राहिलें नाहीं. मग जमीनही त्या साध्यास शोभेल अशी सिद्ध केली. कोल्हापूरकडील तालमींत तांबडी माती चाळून तींत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालतात व ती वरचेवर उकरून भुसभुशीत ठेवतात, ती कांहीं केवळ भाविकपणानें नव्हे. अशा मातींत पट्ठ्याला पुऱ्या जोरानें आपटतां येतें, आणि आपटलेला पट्ठा उठून पुन्हां शड्डू ठोकतो. आजोबांचा कान मोडतो तो घर्षणानें व दाबानें. कानाची कूर्चा आणि तिच्यावरील पातळ आवरण यांच्यामध्यें रक्त सांचतें. तें वेळींच काढलें नाहीं तर कूर्चेचें पोषण तुटून ती आक्रसते. कान विद्रूप होतो, पण ऐकण्यास सहसा बाध येत नाहीं. पैलवान त्या कानास भूषण मानतात, आणि तेवढ्यापुरतें त्यांत फारसें बिघडत नाहीं.

तलवारीला ही सोय नव्हती. १६०३ सालीं जपानांत तोकुगावा घराण्याची सत्ता स्थिर झाली आणि पुढें सुमारें अडीचशें वर्षें मोठें युद्ध असें जवळजवळ झालेंच नाहीं. तलवार कमरेला राहिली, पण ती चालविण्याचे प्रसंग गेले. विद्या जिवंत ठेवावयाची ती केवळ आखाड्यांतील सरावावर. हा सराव मुख्यतः लांकडी तलवारीनें होई. ही तलवार म्हणजे कठीण लांकडाचें भरीव दांडकें. तिचा घाव नीट बसला तर मनगट मोडतें, कवटी फुटते. म्हणून दोघांनीं ठराविक वार व ठराविक प्रतिवार ठरल्या क्रमानें करावयाचे आणि घाव अंगापासून बोटभर अंतरावर थांबवावयाचा, अशी पद्धत पडली. तिला ‘काता’ म्हणतात. तींत वेदना जवळजवळ नसे. भीति मात्र पुष्कळ असे. समोरच्याचा हात एक वीतभर चुकला तर काय होईल हें प्रत्येकास ठाऊक असे, आणि त्या भीतीमुळें मन एकाग्र राही.

अठराव्या शतकांत या पद्धतीबद्दल असमाधान वाढूं लागलें. दोघांनाही पुढचा वार ठाऊक असेल तर ती लढत कसली, तें एक प्रकारचें नृत्यच झालें, असें तरुण म्हणूं लागले. वेळूच्या चिरफळ्या चामड्याच्या पिशवींत घालून केलेली हलकी तलवार सोळाव्या शतकापासून कांहीं परंपरांत माहीत होती. १७११ ते १७१५ या काळांत नागानुमा कुनिसातो या गुरूनें तोंडावरचा जाळीदार मुखवटा व हातांवरचे जाड मोजे सुधारून सरावांत आणले. त्या शतकाच्या मध्यास इत्तो परंपरेंतील नाकानिशी चूझो यानें वेळूचें चिलखत व वेळूची तलवार आपल्या आखाड्यांत रूढ केली. आतां दोघांना एकमेकांवर पुऱ्या वेगानें, पुऱ्या जोरानें, आणि मुख्य म्हणजे न ठरवितां वार करतां येऊं लागले. वार बसे, आवाज होई, मनगट झिणझिणे, आणि दोघे पुन्हां समोरासमोर उभे राहत.

या शोधाचें सर्वांनीं स्वागत केलें असें मात्र नाहीं. जुन्या मताच्या गुरूंचा आक्षेप ऐकण्यासारखा आहे. ते म्हणत, लांकडी तलवारीपुढें माणूस जपून पाऊल टाकतो. वेळूच्या तलवारीपुढें तो बेफिकीर होतो. ‘मला एक लागला तर लागला, मी दोन मारीन’ अशी त्याची वृत्ति बनते, आणि खऱ्या पोलादापुढें तो पहिलाच वार अखेरचा ठरतो. नव्या मताचे लोक उत्तर देत कीं, ज्याला पुऱ्या वेगानें आलेला अनपेक्षित वार कधीं चुकविण्याचा प्रसंग आला नाहीं, त्याला अंतर म्हणजे काय आणि वेळ साधणें म्हणजे काय हें उमजणारच नाहीं. त्याचें एकाग्र मन खऱ्या प्रसंगीं दगडासारखें गोठून जाईल. गंमत अशी कीं दोन्ही पक्ष बरोबर होते. वेदना कमी केली कीं सरावाचा जोर वाढवितां येतो. पण वेदनेबरोबर जो धाक नाहींसा होतो, त्याची जागा दुसऱ्या कशानें तरी भरावी लागते. ती कशानें भरावी याचें उत्तर त्या काळीं कोणींच नीट दिलें नाहीं. लोकांनीं मात्र आपला कौल नव्या पद्धतीस दिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चिबा शूसाकु याच्या एडो येथील आखाड्यांत चिलखत घालून लढणाऱ्या शिष्यांची रीघ लागली होती. एडो म्हणजेच आजचें टोकियो. आज ज्यास केंदो म्हणतात तो खेळ याच प्रवाहांतून निघाला.

चिलखतानें जोर किती वाढवितां आला याचें एक टोकाचें उदाहरण यामाओका तेस्शू या तलवारबाजाचें आहे. तो १८८८ सालीं वारला. त्याच्या आखाड्यांत वर्षानुवर्षें रोज सराव केलेल्या शिष्यानें एका दिवसांत २०० लढती उभ्यानें द्यावयाच्या, अशी कसोटी होती. त्याच्या पुढची कसोटी ३ दिवसांत ६०० लढतींची, आणि त्याहीपुढची ७ दिवसांत १,४०० लढतींची. समोर येणारे गडी ताजे, आणि कसोटी देणारा तोच एक. अशा लढतींत एखाद्या वाराची वेदना ही गौण होते. हात वर उचलत नाहीं, पाय थरथरतात, मनांतील डावपेच संपतात. कौशल्याचा दिखाऊ भाग गळून पडल्यावर माणसांत जें उरतें तें पाहावें, हा तेस्शूचा उद्देश होता. हें ध्यानांत ठेवावें कीं अशी कसोटी मोजक्या, मुरलेल्या, स्वेच्छेनें पुढें आलेल्या प्रौढ शिष्यांसाठीं होती. पुढें या गोष्टीचा बराच विसर पडला.

वेदनेचा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनें प्रथम हातीं घेतला तो कानो जिगोरो यानें. कानोचा जन्म १८६० चा. तो अंगानें लहानखोरा. शाळेंत दांडग्या मुलांचा त्रास सोसलेला. १८७७ सालीं टोकियोंत फुकुदा हाचिनोसुके या जुजुत्सूच्या गुरूकडे तो शिकूं लागला. या गुरूबद्दल कानोच्या आठवणींतील एक हकीगत प्रसिद्ध आहे. एकदां फुकुदानें त्याला एका डावानें पाडलें. कानोनें उठून विचारलें, यांत हात कसा ठेवावयाचा? उत्तरादाखल गुरूनें त्याला पुन्हां पाडलें. त्यानें पुन्हां विचारलें, गुरूनें पुन्हां पाडलें. वारंवार पडल्यावर आपोआप समजेल, हाच त्या काळच्या अध्यापनाचा सिद्धांत होता. कानो शिकला खरा, परंतु त्याचें अंग सतत ठेंचाळलेलें असे आणि तो मलमें चोपडून हिंडे. इतरांना मात्र तसें शिकवावयाचें नाहीं असें त्यानें ठरविलें, ही त्याच्या बुद्धीची थोरवी. बहुतेक शिष्य गुरु झाल्यावर आपण सोसलेला मार पुढच्या पिढीस व्याजासकट परत करतात.

१८८२ सालीं टोकियोंतील एका बौद्ध मंदिरांत, १२ चटयांच्या जागेंत, अवघ्या ९ शिष्यांसह त्यानें आपली कोदोकान ही संस्था काढली आणि आपल्या विद्येला ज्यूदो हें नांव दिलें. जुन्या जुजुत्सूंतील मर्मावरचे ठोसे व बोटें-मनगटें मोडणारे डाव त्यानें टाकून दिले नाहींत; ते त्यानें ठराविक क्रमाच्या सरावापुरते राखून ठेवले. स्वैर लढतींत, जिला ‘रांदोरी’ म्हणतात, तींत मात्र असेच डाव ठेवले कीं जे पुऱ्या ताकदीनें करूनही सोबत्यास उद्यां येतां यावें. सांध्यांच्या पेचांपैकीं पुढें केवळ कोपराचा पेच तेवढा उरला. कानोचा हिशेब असा होता कीं, भयंकर डाव अर्ध्या जोरानें शिकण्यापेक्षां साधा डाव पुऱ्या जोरानें शिकलेला माणूस अधिक लढाऊ होतो. आणि तो हिशेब अनुभवानें खरा ठरला.

या पद्धतीचे दोन आधारस्तंभ वरवर पाहणाऱ्याच्या लक्षांत येत नाहींत. एक म्हणजे पडण्याची विद्या, ‘उकेमी’. पाडण्यापूर्वीं पडावयास शिकवावयाचें, आणि तें महिनोन् महिने. दुसरा म्हणजे थाप. ज्याचा हात पेचांत सांपडला आहे किंवा मान आवळली गेली आहे, त्यानें चटईवर अगर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दोन वेळ थाप मारावयाची. थाप ऐकतांच पकड सुटलीच पाहिजे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यांत मोठी क्रांति आहे. लढत कोठें थांबावी हें ठरविण्याचा अधिकार येथें जिंकणाऱ्याकडून काढून हरणाऱ्याच्या हातीं दिला आहे. लांकडी तलवारीचा धाक गेल्यावर जी जागा रिकामी राहिली होती, ती कानोनें या थापेनें भरली.

याचा अर्थ कानोचा सराव गुळगुळीत होता असें नव्हे. कोदोकानांत जानेवारीच्या कडाक्याच्या थंडींत, उजाडण्यापूर्वीं, दिवसांमागून दिवस सराव करण्याची प्रथा पडली व ती आजही पाळली जाते. अनवाणी पाय बधिर होतात, कापडी अंगरखा अंगाला बर्फासारखा लागतो. हेंही दुःखच, पण निरोगी माणसाला त्यापासून कायमची इजा होत नाहीं. दुःख सोसण्याची सवय लावावयाची तर ती अशा ठिकाणीं लावावी, हा त्यांतील शहाणपणा आहे.

कराटेच्या इतिहासांतही हाच वाद निराळ्या वेषांत आढळतो. १९२२ सालीं ओकिनावाहून टोकियोस आलेले फुनाकोशी गिचिन स्वैर लढतीच्या विरुद्धच होते. त्यांच्या परंपरेंत पुढें लढती सुरू झाल्या त्या ठोसा अंगापासून किंचित् अलीकडे थांबविण्याच्या अटीवर. उलट ओयामा मासुतात्सु यांच्या पंथानें १९६९ पासून अशा स्पर्धा भरविल्या कीं, उघड्या मुठीनें अंगावर पुऱ्या जोरानें ठोसे मारावेत, मात्र मुठीचा ठोसा तोंडावर मारूं नये. बरगड्या व मांड्या मार खाऊन निबर होतात, तोंड होत नाहीं, हा विचार त्यामागें होता. डोक्यावर लाथ मात्र चालूं ठेवली, ही त्यांतील विसंगति.

येथें वेदना म्हणजे काय हें थोडें पाहावें लागतें. त्वचा, स्नायु, हाडांवरील आवरण यांत सूक्ष्म मज्जातंतूंचीं टोकें असतात. ठोसा बसतांच जलद तंतूंवाटे एक तीक्ष्ण सणक मेंदूकडे जाते, आणि क्षणभरानें मंद तंतूंवाटे ठणका मागून येतो. पण हा निरोप जसाच्या तसा पोंचतो असें नाहीं. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनीं असें मांडलें कीं, पाठीच्या कण्यांतील रज्जूंत जणूं एक दार आहे. खालून येणारे इतर स्पर्श आणि वरून येणाऱ्या मेंदूच्या आज्ञा यांप्रमाणें तें कमीअधिक उघडतें. त्या कल्पनेच्या तपशिलांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु तिचा गाभा टिकला आहे. त्यापूर्वींच, दुसऱ्या महायुद्धांत, बीचर या अमेरिकन डॉक्टरास इटलीच्या आघाडीवर आढळलें होतें कीं, भयंकर जखमी झालेल्या सैनिकांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांशांनीं विचारूनही वेदनाशामक औषध मागितलें नाहीं. जखम तीच, पण ‘आपण जिवंत सुटलों’ या भावनेनें तिचा अर्थ बदलला होता. १९७५ च्या सुमारास शरीर स्वतःच अफूसारखीं द्रव्यें निर्माण करतें असाही शोध लागला.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, मार सोसण्याची सवय ही कांहीं थोतांड नव्हे. अंगाशीं अंग भिडवून खेळणाऱ्या खेळाडूंना दुखूं लागतें तें साधारणतः इतरांइतक्याच आघातानें. पण सुरू झालेलें दुखणें ते अधिक वेळ सोसूं शकतात. नवशिका ठोसा येतांना डोळे मिटतो, श्वास कोंडतो, खांदे आखडतो, आणि त्यामुळें त्याला अधिकच लागतें. सहा महिन्यांनीं तोच विद्यार्थी डोळे उघडे ठेवून श्वास सोडतो. येथें त्वचा जाड झालेली नसते. मेंदूनें त्या निरोपाचा अर्थ बदललेला असतो. हा लाभ खरा आहे, आणि तो थोडें लागल्यावांचून मिळत नाहीं, हें ओठ सुजलेल्या मुलाच्या आईनेंही मान्य केलें पाहिजे.

दुसरी गोष्ट मात्र वडिलांनीं ऐकण्यासारखी आहे. ज्याअर्थीं वेदना इतकी लवचिक आहे, त्याअर्थीं ती इजेचें माप होऊं शकत नाहीं. नडगीचा फटका विलक्षण दुखतो आणि चार दिवसांत बरा होतो. उलट ज्या अवयवाला जपावयाचें तो मेंदू स्वतः वेदनाशून्य आहे. डोक्याची त्वचा दुखते, मेंदूभोवतींचीं आवरणें दुखतात. मेंदूच्या गाभ्याला कांपलें तरी कळत नाहीं.

याचा अनुभव इंग्लंडांत उगम पावलेल्या मुष्टियुद्धानें जगाला दिला. अठराव्या शतकांत तेथें उघड्या मुठीनें लढत. सरावासाठीं मात्र ब्रॉटन नांवाच्या मल्लानें सभ्य गृहस्थांकरितां गुबगुबीत हातमोजे काढले. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनीं प्रत्यक्ष लढतींतही हातमोजे आणले. लोकांस वाटलें, खेळ सौम्य झाला. रक्त खरोखरच कमी झालें, तोंडें कमी फुटलीं. परंतु उघड्या मुठीनें कवटीवर पुऱ्या जोरानें मारणाराचीं स्वतःच्याच तळहाताचीं हाडें मोडत, आणि म्हणून तो जपून मारी. मोज्यानें ती भीति गेली. जें मारणाऱ्याच्या हाताचें संरक्षण होतें, तें मार खाणाऱ्याच्या मेंदूचें संरक्षण समजलें गेलें. १९२८ सालीं मार्टलंड या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें अशा मल्लांचें वर्णन प्रसिद्ध केलें, जे दारू न पितां झिंगल्यासारखे चालत, अडखळत बोलत, आणि हळूहळू ज्यांची बुद्धि मंदावत जाई. त्यांपैकीं कित्येक सरावांतील सोबती म्हणून मोठ्या मल्लांचा रोज मार खाणारे होते, ही बाब विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. प्रेक्षकांपुढची लढत कधीं काळीं होते, सरावाची रोज. एकेक ठोसा सोसण्याजोगा असतो, आणि नेमका म्हणूनच त्यांची संख्या कोणी मोजीत नाहीं.

आतां पुन्हां जपानकडे वळावें. कारण कानोच्याच देशांत, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचें शहाणपण कसें विसरलें गेलें हें पाहणें अवश्य आहे. केंदो व ज्यूदो हे शाळांतून शिकविले जाऊं लागले. तेस्शूनें मुरलेल्या शिष्यांसाठीं ठेवलेली कसोटी पंधरा वर्षांच्या मुलांस नित्याची झाली. थकवा म्हणजे आळस, आणि तक्रार म्हणजे दुबळेपणा, असें समीकरण कित्येक शिक्षकांच्या मनांत दृढ झालें.

२००९ च्या ऑगस्ट महिन्यांत क्यूशू बेटावरील एका शाळेंत केंदोचा सराव चालला होता. उकाड्याचे दिवस, अंगावर जाड चिलखत, तोंडावर मुखवटा. एका विद्यार्थ्याच्या हातून वेळूची तलवार गळून पडली, आणि ती पडली आहे हें त्याला कळलेंच नाहीं. रिकाम्या हातांनींच तो तलवार धरल्याचा आविर्भाव करूं लागला. वैद्यकशास्त्र जाणणाऱ्यास यांत उष्माघातानें भ्रमिष्ट झालेल्या मेंदूचें स्पष्ट लक्षण दिसलें असतें. शिक्षकाला तें सोंग वाटलें. त्यानें मुलाला मारलें. मुलगा त्याच दिवशीं वारला. पुढें न्यायालयानें शिक्षकाचा तो निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा ठरविला. या हकीगतींत ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, मुलगा दुखतें म्हणून तक्रार करीत नव्हता. ज्या शिक्षकाला केवळ वेदनेचें माप ठाऊक आहे, त्याच्याजवळ अशा वेळीं मापच उरत नाहीं.

ज्यूदोची स्थिति याहून चिंताजनक होती. शाळांतील अपघातांच्या भरपाईच्या नोंदींवरून नागोया विद्यापीठांतील एका अभ्यासकानें मोजणी केली, तेव्हां असें आढळलें कीं १९८३ ते २०११ या २९ वर्षांत जपानी शाळांत ज्यूदोमुळें ११८ विद्यार्थ्यांचे प्राण गेले होते. अर्ध्याहून अधिक मृत्यूंस डोक्याची इजा कारण होती, आणि बळी पडलेल्यांत नवशिक्यांचा भरणा मोठा होता. त्यांचीं डोकीं फरशीवर आपटलीं होतीं असेंही नेहमीं नाहीं. मान सैल असलेला नवखा मुलगा पाठीवर पडला कीं डोकें चाबकाच्या टोकाप्रमाणें हिसकतें. कवटी थांबते, आंतील मेंदू क्षणभर फिरत राहतो, आणि मेंदूवरून आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा ताणून तुटतात. रक्त आंत सांचत जातें. आदल्या आठवड्यांत डोकें दुखतें म्हणून मूल सांगत असलें, तर त्या शिरा आधींच दुखावलेल्या असूं शकतात. आणि नेमकें अशाच वेळीं ‘एवढ्यातेवढ्यानें कांहीं होत नाहीं’ असें उत्तर त्याला मिळतें. एप्रिल २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत युद्धविद्येचें शिक्षण सक्तीचें होणार असल्यामुळें या आंकड्यांनीं तेथील पालकवर्ग हादरला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी २०१३ मध्यें, राष्ट्रीय पथकांतील १५ महिला ज्यूदोपटूंची तक्रार उघडकीस आली. शिक्षक थोबाडींत मारतात आणि वेळूच्या तलवारीनें झोडपतात, असें तींत म्हटलें होतें. मुख्य शिक्षकास पद सोडावें लागलें. अडीचशें वर्षांपूर्वीं जी वेळूची तलवार सोबत्याला इजा न व्हावी म्हणून आखाड्यांत आली, तिचीच शेवटीं छडी झाली होती. आणि ती खाणाऱ्या, जगांतील उत्तम लढवय्यांत गणल्या जाणाऱ्या स्त्रियांजवळ थाप मारण्याची सोय नव्हती.

उपाय कांहीं गूढ नाहींत. फ्रान्समध्यें सरकारमान्य परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून ज्यूदो शिकविण्याचा धंदा करतां येऊं नये असा कायदा १९५५ सालींच झाला. जपानांतही २०१२ च्या सुमारास शिक्षकांसाठीं नव्या सूचना निघाल्या, आणि त्यानंतर मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ खालीं आलें. डोक्याला हिसका बसल्याची शंका आली तर मूल कितीही हट्ट करो, त्या दिवशीं त्यानें चटईवर पाय ठेवावयाचा नाहीं. पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यानें पायरीपायरीनें परतावयाचें. समोरच्याचा पाय मागून उडवून त्याला सरळ पाठीवर पाडणारा ओ-सोतो-गारी हा डाव नवख्यांवर जपून वापरावयाचा. २०२२ सालीं तेथील ज्यूदो महासंघानें लहान मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायीं मोठ्यांकडून मुलांवर ताण पडतो, असें कारण त्यानें दिलें.

मूल ज्या वर्गास जातें तो कसा आहे हें पालकांस पारखावयाचें असेल, तर पदकांचें कपाट पाहण्याऐवजीं नवशिक्यांचा तास पाहावा. चांगल्या वर्गांत पहिले कित्येक आठवडे कोणी कोणास पाडीत नाहीं. मुलें प्रथम चटईवर उताणीं निजून मान उचलतात आणि आपल्याच कमरपट्ट्याच्या गांठीकडे पाहतात, म्हणजे हनुवटी छातीला टेकून डोकें मागें जात नाहीं. मग दोन्ही हात अंगापासून थोडे दूर चटईवर सपाट्यानें आपटतात. तें साधलें कीं उकिडवें बसून मागें लवंडतात, मग उभ्यानें, आणि मग सोबत्यानें हात धरून अलगद पाडल्यावर. शिक्षक रांगेंतून फिरत असतो, आणि ज्याची नजर गांठीवरून हटली असेल त्याला पुन्हां पहिल्यापासून निजवितो.